पुढील सालची तजवीज

सुभेदारांचा सवाल आहे : येत्या पाच वर्षांत
आरमार केवढं असावं?
जासूद पंचमीला घाट चढणार,
त्याच्या थैलीत उत्तर हवं.

बोरू तासला. शाई खलली.
मी आरमाराचा कारकून, वीस वर्षं झाली,
आणि खाडीच्या तोंडाबाहेर नेलं की ओकतो,
हे गिर्यातल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे.

गोदीवर झावळ्यांनी शाकारून उभं आहे ते असं :
तीन गुराबा, पैकी एकीच्या तळात किडा,
बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत जातं.
सात गलबतं. मचवे धरले तर अकरा,
कुणाला अकरा म्हणायचंच असेल तर.
तोफा पुरेशा. तोफांना भूक लागत नाही.

आता माणसं.
एकट्या गुराबेला दीडशे लागतात.
हजेरीच्या वहीत एकूण पाचशे बारा,
वाळूवर दोनशे अठ्ठ्याण्णव.

मधले कुठे गेले ते मला विचारा.
दाऊद सोलकर मुंबईला, टोपीकरांच्या जहाजावर;
तिथे मुशाहिरा महिन्याच्या महिन्याला, रोख.
इथे चौदा महिने तुंबलाय आणि तोही मीच लिहितो.
गणू तारी, त्याचा भाऊ, त्याचा मेहुणा
मिठाच्या शिबाडावर.
वाडातरचे सगळे भंडारी गोलंदाज माडांवर चढलेत,
म्हणतात, माड तरी बुडत नाही.
विठू खवळे आषाढात हिवतापाने गेला.
त्याचं नाव मी खोडलेलं नाही,
दरमहा त्याच्या दारात भात पोचतं.
हा गुन्हा तजविजीत कुठल्या सदरात मांडतात?

सुताराचा हरबा दोरी घेऊन आला.
वरून हुकूम आहे म्हणे, नवी गुराब, तीन काठ्यांची,
सागवान मलबारातून यायचं.
कणा किती हात धरू, विचारतो,
आणि डोळे असे चमकतात की नको म्हणवत नाही.

येसा तांडेल पडवीच्या खांबाला टेकून ऐकत होता,
म्हणजे उजव्या कानाने; डावा तोफेला दिलाय.
"कारकुनानू," म्हणाला,
"जहाज बांदूक एक वरीस,
खलाशी बांदूक बारा वर्सां.
आणि तेका मदी मदी जेवूक घालूचा लागता."
हरबाने दोरी गुंडाळली.
पुन्हा सोडली. पुन्हा गुंडाळली.

मग रात्रभर मी बोटं मोडली.
किडकी गुराब फोडावी; तिचं चांगलं लाकूड
गलबतांच्या डागडुजीला.
एक गुराब दर्यात ठेवावी, दीडशे माणसं,
तीन गलबतं, पंचेचाळीसप्रमाणे.
तेरा उरतात. त्यांतले पाच आजारी, एक आचारी.
उरली गलबतं राजापूरच्या व्यापाऱ्यांना भाड्याने द्यावी,
भाडं सरकारात न नेता थेट खलाशांच्या हातात.
दुसरी गुराब झावळ्यांखालीच.
तिला दरसाल तेल पाजावं,
माणसं परत येतील असं समजून.

एवढं लिहून वाचलं तर आरमार
केवढंसं दिसायला लागलं.
सुभेदार वाचतील आणि आधी माझी अक्षरं बघतील,
मग मला.

पहाटे येसा पुन्हा आला. त्याला वाचता येत नाही.
"आकडो काय घातलास?"
पाचशे बारावर काट मारली होती.
पुढे दोनशे अठ्ठ्याण्णव लिहिलं होतं,
आणि थोडा वेळ थांबून
अठ्ठ्याण्णवचं नव्याण्णव केलं होतं.

सांगितलं.
काल वाळूवर त्यानेच मोजली होती माणसं,
एकेकाच्या पाठीवर थाप मारत.

"बरोबर आसा," म्हणाला.
"विठू पहाऱ्यार कदी निजलो नाय."