शुक्रवारचं स्कॅन

ऐरोली, सेक्टर आठ. झेरॉक्सच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून
घरतबाई स्कॅन लावतात, दर शुक्रवारी.
दोन लाख अठरा हजार फायली:
कुणाचा बायोडेटा, कुणाचा भाडेकरार,
मोडलेल्या एका लग्नाची पत्रिकाही
अजून तिथेच.

भाचा हसतो, "मामी, हल्ली मशीन स्वतःच बघतं सगळं."
असेल.
बाई कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघतात,
तसंच हे.

सात वर्षं एकच उत्तर:
धोका आढळला नाही.

मार्चमध्ये फोन आला, बँकेतून म्हणे, गोड आवाज.
बाईंनी चष्मा लावला
आणि सहा आकडे सावकाश वाचून दाखवले.

स्कॅन तेव्हा एकसष्ट टक्क्यांवर होतं.
पुरं झालं. हिरवी खूण आली.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा लावलं.
फोन गल्ल्यात टाकून
कुलूप दोनदा ओढलं.