मडगावात, चार वाजेपर्यंत

कुडचडकरांच्या दुकानातला पोऱ्या म्हणाला,
शेट सावर्ड्याला गेलेत, चेक चारनंतर.
घड्याळात साडेनऊ.
सांगलीच्या पेढीवर एकोणतीस वर्षं
हळदीचा जमाखर्च लिहितेय मी;
साडेसहा तास असे सुट्टे
कुणी माझ्या हातावर कधी ठेवले नव्हते.

पहिला तास तर मी घाईतच चालले.
पालिकेच्या बागेला दोन फेऱ्या,
कुणीतरी मागे लागल्यासारख्या.
मग जुना बाजार: सुके बांगडे, आमसुलं,
माडाच्या गुळाच्या काळ्या ढेपा
आणि एका टोपलीत हळद.
नखानं टोकरून पाहिली. आपली नव्हे.
विकणारी हसली, "घे गो, वासाक पयशे ना."

तिथून पाय आपोआप सैल झाले.
इगर्जीसमोरचा चौक एवढा मोठा
की स्वतःची सावलीही जरा दुरून चालते.
घरं निळी, गेरूची,
एक तर थेट आमच्या खातेवहीच्या पुठ्ठ्याचं लाल.
एका खिडकीला काचेऐवजी शिंपले,
चौकटीत एकेक बसवलेले;
आतला उजेड दुधात पाणी घातल्यासारखा असणार,
असं मी ठरवून टाकलं. आत कोण जाऊ देतंय!

एक वाजला आणि गाव मिटलं.
शटर, दारं, एक शिंपी, दोन औषधांची दुकानं.
आमच्याकडे एवढं सगळं बंद म्हणजे
दगड तरी पडलेत, नाहीतर पुढारी गेलाय.
इथं कुणी गेलं नव्हतं.
सगळे जेवून आडवे झाले होते, बस्स.
कुठल्याशा माडीवरून घोरणं ऐकू येत होतं,
अगदी समाधानी,
आणि मी रस्त्याच्या मधोमध उभी, डब्याची पिशवी धरून.

बोर्ड्याच्या बाजूला एका दारापुढं
सिमेंटच्या सोप्यावर एक म्हातारे गृहस्थ,
बनियन, खांद्यावर टॉवेल. नाव आवेलिनो.
ते मात्र जागे. म्हणाले, "उदक जाय?"
उदक!
हा शब्द आमच्याकडे पळीत असतो, भटजींच्या हाती,
तीन थेंब, तेही मंत्र म्हणून.
इथं तो तांब्याभर आला, विहिरीचा, गार.
मी घटाघटा प्यायले.

मग त्यांनी बोट वर केलं, "पळय!"
मी उठलेच. पर्स काखेत, चपलेत पाय,
पळ म्हटलं की पळायचं, का ते विचारायचं नाही.
म्हातारा हसला, हसता हसता खोकला,
टॉवेलनं डोळे पुसून म्हणाला,
"पळय म्हळ्यार बघ गो. बस आनी बघ."

बसले.
समोर उंच उतरत्या छपरांचं एक घर.
सात शिखरांचं म्हणतात, मोजली तर तीन.
"बाकीची?" मी विचारलं.
त्यांनी खांदे उडवले.
मी पुन्हा मोजली. तीनच.
तिसऱ्या मोजणीनंतर हिशेब सोडून दिला.
कौलावर एक मांजर सावलीबरोबर सरकत होतं.
ऊन खिडकीवरून भिंतीवर यायला
किती वेळ लागतो, मला आता माहीत आहे.

चारला चेक मिळाला. आकडे बरोबर, सही जराशी फाटकी.
स्टेशनावर मालकांचा फोन:
"दिवसभर काय केलंत, बाई?"
"पळयलं," म्हटलं.
पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग,
"पळालात? का? चेक आहे ना जवळ?"