काटा

माझे आजोबा खाणीच्या तोंडाशी उभे असत,
कंपनीच्या काट्याशेजारी, वही घेऊन.
कंपनीचा माणूस काटा मारायचा,
म्हणून कामगारांनी वर्गणी काढून
आपला एक माणूस ठेवला होता, नुसता बघायला.
वीस वर्षं ते बघत राहिले.
गाडीमागे एक खडा त्यांनी कधी जास्त धरला नाही
आणि कमी धरू दिला नाही.

मी वजनं घेते माणसांची.
केंटकीतला डोंगराळ भाग, दवाखाना दुसऱ्या मजल्यावर,
लिफ्ट मंगळवारपासून बंद.
व्हर्लीन टॅकेट जिने चढून येते, दोनदा थांबून.
वय बावन्न. शाळेची बस चालवते.
घाटातली वळणं तिला पाठ,
पण सीटवरून उतरताना गुडघा असा वाजतो
की मागची पोरं गप्प होतात.
रात्री तोंडाला यंत्र लावून झोपते.
डेल्मर म्हणायचा, पाणबुडीशेजारी झोपल्यासारखं वाटतं.
तो गेला तीन वर्षांपूर्वी. यंत्र आहे.

विमा कंपनी म्हणाली,
आधी सहा महिने डाएट करून दाखवा, देखरेखीखाली,
एक महिना चुकला तर पुन्हा पहिल्यापासून.
मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र आणा की तुम्हाला हे खरंच हवंय.
मागच्या पाच वर्षांची वजनं आणा,
जसा काही कुणी त्याचा अल्बम ठेवतो.
तिने आणलं सगळं.
फेब्रुवारीत रस्ता वाहून गेला
तेव्हा भावाच्या ट्रॅक्टरवर बसून आली.
चर्चच्या जेवणात कोपऱ्यात उभी राहून काकडी खाल्ली.
आणि बारा पौंड उतरली.

पत्र आलं: नामंजूर.
आकडा चाळीस लागतो, तुमचा एकोणचाळीस पूर्णांक सहा.
दोन पौंड कमी.
कमी! तो शब्द तिने मला दोनदा वाचायला लावला.
"आयुष्यात पहिल्यांदाच गं," म्हणाली,
"मी वजनात कमी पडले."
हसली. मग टेबलाची कड धरून ठेवली, बराच वेळ.

पस्तिसालाही चालतं म्हणे, आजार असेल तर.
आजार आहे. पण झोपेच्या तपासणीचा कागद चौदा महिन्यांचा,
त्यांना बाराच्या आतला हवा.
जणू कोंडलेला श्वास शिळा होतो.
नव्या तपासणीची तारीख ऑगस्टातली.
मी फोन लावला. त्रेपन्न मिनिटं बासरी.
मग एक मुलगा, आवाज कोवळा: मी समजू शकतो, मॅडम.
काय समजू शकतोस रे बाळा.
काहींच्या शब्दाला वजन असतं.
व्हर्लीनजवळ नुसतंच वजन, आणि तेही पुरेना.

सोमवारी ती पुन्हा आली.
जून महिना, आणि अंगात डेल्मरचं शिकारीचं जाकीट,
पायात त्याचे खाणीतले बूट.
काट्यावर चढली तेव्हा खिशात काहीतरी किणकिणलं.
शिसं. गळाच्या दोरीला बांधतात ते, दोन्ही खिशांत मूठमूठभर.
तिने माझ्याकडे बघितलं नाही.
मी खिडकीतून समोरच्या डोंगराकडे बघितलं,
माथा कापून सपाट केलेल्या.
किती गेला तिथून, कुणी मोजलं?

दोनशे अडतीस.

आजोबा, तुम्ही एक खडा जास्त धरला नसतात,
ठाऊक आहे मला.
पण तुमचा काटा समोर होता, दोघांना दिसत होता.
यांचा कुठे ठेवलाय,
अकरा वर्षं झाली, मला सापडला नाही.

फॉर्मवर उंची आहे, तारीख आहे, माझी सही आहे.
बूट काढले होते का, हा रकाना नाही.
मी अडतीस लिहिलं
आणि आकड्यावरून पेन पुन्हा एकदा फिरवलं,
फॅक्समध्ये फिकं उमटू नये म्हणून.

एकोणीस दिवसांनी मंजुरी आली.
खाली बारीक अक्षरांत: ही पैसे देण्याची हमी नव्हे.

त्या दिवशी जाताना तिने
शिशाचा एक तुकडा माझ्या टेबलावर ठेवला होता, न बोलता.
मी त्याखाली बाकीच्यांचे कागद दाबून ठेवते.
पंखा लावला की उडतात.