वासे

माणूस मंगळवारी दहाला येणार होता, घराची किंमत ठरवायला.
वकीलबाईंनी फोनवर तीनदा बजावलं:
काही झाकू नका, काही नटवू नका.
ठरलेल्या आकड्याच्या आत भरलं तर दिवाळ्यातही घर तुमचं,
वर गेलं तर विकून देणेकऱ्यांत वाटतील.
तो आकडा मी फ्रिजवरच्या यादीत लिहिला,
दुधाच्या खाली, अंड्यांच्या वर.

सव्वीस वर्षं झटलो या घराचं मोल वाढावं म्हणून.
टोलेडोत, नदीच्या पूर्वेला,
गल्लीत कुणाचं घर विकलं गेलं की
एल्मर भाव विचारून यायचा
आणि रात्री दोन घास जास्त जेवायचा.
आता मी अंथरुणात पडून देवाला म्हणत होते,
माझं घर भिकार निघू दे.

अर्जात सगळं लिहायचं असतं. सगळं म्हणजे सगळं.
सोफा, रस्त्यावर मांडून विकला तर जे येतील ते.
माझी अंगठी. त्याची बोलिंगची बॅग.
सायलेन्सरचं दुकान बुडालं त्यातून उरलेले दोन जॅक.
पाळीव प्राणी: एक. कुत्री, वय चौदा, एका डोळ्याने अधू.
किंमत: शून्य.
एल्मरने माझा हात धरला.
"शून्य नको," म्हणाला, "ती इथेच बसलीय."
मी एक डॉलर लिहिला.

मंगळवारी जाग आली ती रंगाच्या वासाने.
बाहेर मिट्ट काळोख,
कपाळाला बॅटरी बांधून तो पोर्चचा कठडा रंगवतोय.
"वेड लागलंय का तुला? आज? आजच?"
"माणूस येणार आहे ना घर बघायला," तो म्हणाला,
आणि ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.

मिस्टर लिंडक्विस्ट दहाला पाच कमी असतानाच आले.
आल्या आल्या बाहीला पांढरा पट्टा.
मी त्यांना हिंडवलं.
तळघरातलं कपाट ओढून बाजूला केलं,
भिंतीची ती फट दाखवली
जिच्यातून दर मार्चमध्ये ओल आत येते
आणि जिच्यासमोर दर नाताळला आम्ही
पाहुण्यांना बसू दिलं नाही.
मी बोट दाखवायचे, ते लिहायचे,
एल्मर मागे, हात खिशात.
जिन्यापाशी मात्र राहवलं नाही त्याला.
"हा कठडा मी केलाय. ओक आहे."
लिंडक्विस्टनी ओक लिहिलं.
मी त्याच्याकडे अशी बघितली की बस्स.

परसातल्या पेअरच्या झाडाचं विचारलं मी.
"झाडाचं काही धरत नाही," ते म्हणाले.

मग माळा. टॉर्चच्या उजेडात वासे,
ओला टॉवेल पिळावा तसे पिळवटलेले, एक तर चिरलेला.
"हे कधीपासून?"
मी म्हणणार होते, मला काय माहीत.
"घेतलं तेव्हापासून," एल्मर म्हणाला.
सव्वीस वर्षं त्यांच्याखाली झोपले मी.
सव्वीस वर्षं तो दर हिवाळ्यात
बर्फ पडला की एकटा वर जायचा,
म्हणायचा, जुने पेपर आवरतो.

घर फिरलं की वासेही फिरतात म्हणे.
आमचे आधीच फिरलेले होते,
म्हणून घर फिरलं नाही:
आकड्याच्या आत भरलं, एकोणीसशे डॉलरनी.

सुनावणी चार मिनिटांची. लांबट टेबल, पाण्याचा जग,
आमच्यामागे रांगेत एक गरोदर मुलगी.
"तुमच्याकडे होतं नव्हतं ते सगळं सांगितलंत?"
एल्मरने आधी माझ्याकडे पाहिलं,
मग शपथेवर म्हणाला, हो.

त्या रात्री पाऊस. माळ्यावर ठिबक सुरू.
तो उठू लागला, मी म्हटलं, पड,
कोर्टाचा कागद हातात येईपर्यंत गळू दे.
बराच वेळ दोघं छताकडे तोंड करून.
"अजून काय काय माहीत आहे तुला," मी विचारलं,
"जे मला माहीत नाही?"
कुत्रीने कूस बदलली.
"पेअरचं झाड," तो म्हणाला,
"दीड फूट शेजाऱ्याच्या हद्दीत आहे."