आधीचा आकडा

सिव्हिलच्या मागच्या व्हरांड्यात तीस मीटर मोजून
दोन टोकांना पिवळी चिकटपट्टी लावलीय मी.
सहा मिनिटं चालायचं. धावायचं नाही, बोलायचं नाही,
दम लागला तर थांबायचं.
घड्याळ मात्र थांबत नाही,
हेही वाचून दाखवावं लागतं.

मल्लेशम गज्जम सातवी फेरी संपवून भिंतीला टेकले.
तीस वर्षं लूमच्या मधल्या गल्लीतून
तुटला धागा शोधत येरझाऱ्या घातलेला माणूस.
म्हणाले, ताई, तुमची ही वाट चढाची हाय का?
मी फरशीकडे पाहिलं.
लिहिलं : दोनशे दहा मीटर.
चढाला रकाना नव्हता.

तोडकरी सर म्हणतात, आपला अभ्यास एका पायानं लंगडा आहे,
आधीचा आकडा नाही.
हा माणूस आजारापूर्वी किती चालायचा,
कितव्या पायरीवर दमायचा,
कितीजणांची नावं न चुकता घ्यायचा,
कुणी मोजून ठेवलंय?
बरा असताना माणूस स्वतःला मोजत नाही.

विडी घरकुलात, एप्रिलच्या दुपारी,
पत्र्याखाली बसलेय. क्रमांक एकशे सतरा,
बालमणी येमूल, तिसरी भेट.
थकवा शून्य ते दहा, किती?
शून्य म्हंजे चांगलं का वाईट, ती तिसऱ्यांदा विचारते.
मीही तिसऱ्यांदा सांगते.
झोप? लागते. धाप? पाण्याची घागर असली तर.
पूर्वीसारखं वाटतं का? होय, नाही, सांगता येत नाही.

पूर्वीचं?
सूप बाजूला सरकवून ती उठते, आगु आगु म्हणत,
पत्र्याच्या पेटीतून लाल दोऱ्यानं बांधलेला गठ्ठा काढते.
कारखान्याची पासबुकं.
रोजची तारीख, रोजच्या विड्या, मुकादमाची सही.

हजार. हजार. नऊशे पन्नास. हजार.
गड्ड्याच्या जत्रेचा दिवस कोरा.
हजार. छाट तीस. हजार.
मग टाळेबंदीची पानं, नुसत्या छापील रेघा.
मग पुन्हा आठशे, नऊशे, हजार,
आणि त्या दुसऱ्या उन्हाळ्यात एकवीस दिवस काहीच नाही.
मग दोनशे साठ.
कोरा.
तीनशे, छाट नव्वद.
कोरा.
चारशे.
साडेचारशे.
तिथून पुढं किती पानं उलटली तरी साडेचारशेच.

हात तेच हायत गं, ती म्हणते,
पण पंचवीसचा कट्टा बांधताना
एकवीसला पोचलं की कुणीतरी हाक मारल्यावानी होतंय,
परत एकपासनं.
तंबाखूचा वास तर गेला तो गेलाच.
सून म्हणते, बरं झालं.
तिला काय ठाव,
ओला का वाळला ते मी नाकानं वळखायची.

दारात जाऊन सरांना फोन लावला.
सर, आधीचा आकडा आहे. रोजचा आहे. सहीसकट आहे.
पलीकडे बराच वेळ पंख्याचाच आवाज.
मग म्हणाले, संमतीपत्रात पासबुक आहे का?
नाही.
मग समितीकडे पुन्हा जावं लागेल.
फोटो काढू नका अजून.

म्हणून फोटो काढले नाहीत.
गठ्ठा परत बांधताना
सगळ्यात जुनं पासबुक सहज नाकाशी नेलं.
इतक्या वर्षांची तंबाखूची बोटं त्या पानांवर,
कडा पिवळ्या पडल्यात, तेलकट.
काहीच आलं नाही.
पुन्हा नेलं, जरा जवळ.

बालमणी पान कापायची थांबली होती.
तुझा नंबर कितवा?

मी अभ्यासात नाही, म्हटलं.

तिनं काही विचारलं नाही.
कात्री उचलली, सूप मांडीवर घेतलं,
मनाशी मोजत वळू लागली.
मी फॉर्म पिशवीत भरले, चप्पल घातली,
आणि दारात उभी राहिले,
सतरा, अठरा,
ती बावीस म्हणते का ते ऐकायला.