साडेबारा टक्के

महापे, रात्रीचे दोन वाजून दहा.
फोनवर मेसेज: डिस्क भरली, शंभर टक्के.
मे महिना, बाहेर भिंतीसुद्धा घामेजल्यात
आणि मी आत स्वेटर घालून
मशिनींच्या गारठ्यात.

आमच्या टीमचा नियम आहे,
साडेबारा टक्के जागा कायम मोकळी ठेवायची.
त्याखाली गेली की घंटा वाजते.
आकडा मी सुचवलेला. पुण्याच्या मॅनेजरला वाटलं,
आठवा हिस्सा, हिशोबाला बरा.
घणसोलीच्या पोराने साडेबारा का म्हटलं
हे त्याने विचारलं नाही.
आज घंटा वाजली तेव्हा नेमकं कुणी ऐकलं नव्हतं.

आधी डीएफ. तो तलाठ्यासारखा तुटक:
एकूण पाचशे जीबी, वापरात पाचशे, शिल्लक शून्य.
कुणी खाल्ली ते त्याच्या उताऱ्यात नसतं.

त्यासाठी डीयू. हा पायी फिरणारा.
प्रत्येक फोल्डरच्या दारात वाकतो,
आतल्याच्या आतल्यात शिरतो,
परत येऊन सांगतो कुणाकडे किती.
वेळ लावतो. तोवर मी मशीनचा चहा आणला,
ज्यावर वेलची फक्त लिहिलेली असते.

मग सॉर्ट. घाईत साधाच लावला
तर नऊशे केबी चढून बसले दोन जीबीच्या डोक्यावर.
त्याला आकडा कळतो,
आकड्यामागचं अक्षर कळत नाही.
बाबा एकदा मोजणीवाल्याशी असेच भांडले होते,
हातात वाटपाची यादी:
"साठ गुंठं दोन एकरांच्या वर कवापासून जायला लागलं रं?"

एक बारकासा एच जोडला.
यादी माणसाच्या नजरेने लागली.
वरून खाली वाचत गेलो, बेरीज केली,
पुन्हा केली.
दोनशे बारा.

डीएफ पाचशे म्हणतो, डीयू दोनशे बारा.
दोघंही खोटं बोलत नाहीत.
मधले दोनशे अठ्ठ्याऐंशी
कुठल्याच दारात सापडत नाहीत.

टेबलावर प्रफुल्ल चुरीची पिवळी चिठ्ठी,
संध्याकाळच्या पाळीची:
"मोठी लॉग फाइल उडवली. जागा झाली असेल. गुड नाइट."

झाली नव्हती, प्रफुल्ल.
तू नाव उडवलंस.
यादीतून गेलं, दारावरची पाटी गेली,
पण आत एक प्रोसेस ती फाइल उघडी धरून बसली होती,
चारशे बारा दिवस न झोपलेली,
अजून लिहीत होती
जिला आता पत्ता नाही अशा वहीत.
तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तिचा नंबर शोधला. मारून टाकणं सोपं असतं,
नऊ नंबरचा सिग्नल, एका ओळीचं काम.
मी पंधरा दिला. म्हणजे,
हातातलं आवर आणि मग ऊठ.
अकरा सेकंद लावले तिने.

त्रेचाळीस टक्के.
पंख्यांचा आवाज तसाच.
मी चिठ्ठीच्या मागे प्रफुल्लसाठी दोन ओळी लिहिल्या,
त्यातली एक खोडली.

सहाला सुटलो. गेटवर तांडेलने वही पुढे केली,
मी वेळ टाकली, सही केली.
हा गेट, हे पार्किंग, जनरेटरची ही रांग,
सातबाऱ्यावरून आमचं नाव उतरलं
ते माझ्या जन्माच्या आधी.
बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर आता
चार मजले आहेत, तीन भाडेकरू.

बाबा ओट्यावर, दातात मिश्री.
मी कुठे नोकरी करतो ते त्यांना नीट माहीत आहे,
कंपनीचं नाव ते घेत नाहीत.
"वाकडीवरनं आलास?"
वाकडी, कारण तिचा बांध सरळ नव्हता.
"होय."
"सगलं ठीक ना तिकडं?"

मी चपला काढता काढता म्हटलं,
पूर्वेच्या कोपऱ्यात तुंबलं होतं जरा.
सोडलं.