बरक्यातले अंक

बरका म्हटलं की आमच्या घरी फणस आठवायचा,
बिलबिलीत गऱ्यांचा. कापा नव्हे तो.
इथं बरका म्हणजे ओमानच्या किनाऱ्यावरचं गाव,
आणि गावाच्या कडेला आमचा प्लांट:
समुद्र आत घ्यायचा, मीठ काढायचं,
आठ आठ तासांच्या पाळीत.

शुक्रवारी गाडी काढतो, रुवीपर्यंत.
कुंजुमोनच्या दुकानात दर्शनी बाजूला मल्याळी साप्ताहिकं,
मग तमिळ, थोडं हिंदी,
आणि फ्रीजच्या मागे सुतळीत बांधलेला
मराठीचा गठ्ठा. कुणाच्या तरी बॅगेतून आलेला,
म्हणून लोणच्याचा वास.
दिवाळी अंक संक्रांतीला.
सुट्टी विशेषांक शाळा सुरू झाल्यावर.

"बच्ची कितना साल का हुआ?" तो विचारतो.
दहा, म्हणतो मी.
गेल्या वर्षीही दहाच म्हणालो होतो.

उभ्याउभ्या वाचून काढतो सगळे.
हा गुळगुळीत, पानोपानी बक्षिसं, गोष्टीला जागाच नाही.
ह्यातला प्रत्येक ससा शेवटी तात्पर्य सांगून जातो.
ह्यात भूत आहे, पण विसरभोळं; चालेल.
ह्यातल्या कोड्याची मुदत गेल्या महिन्यातच संपली,
तरी घेतो. शलाका मुदत बघत नाही.
एकदा तिनं उत्तर पाठवलं तर नाव छापून आलं:
शलाका तोडणकर, बारामती.
संपादकांनी गाव दुरुस्त केलं होतं.
तिनं ते पेनानं परत नादुरुस्त केलं
आणि कपाटाला चिकटवलं.

फेब्रुवारीच्या अंकात एक गोष्ट होती.
तिसऱ्या पानावर त्यातले वडील
बोटीवरून परत येत नाहीत.
चांगली लिहिली होती. तेच वाईट.
त्या महिन्यात माझी रात्रपाळी होती.
गाडीतच बसून ऑफिसच्या स्टेपलरनं
चार पानं एकमेकांना शिवून टाकली.
पूर्वी म्हणे इकडे परदेशी मासिकांतल्या बायकांचे दंड
काळ्या मार्करनं झाकून यायचे.
ते ऐकून मी किती हसलो होतो.

इथली हवा दमट. पिन आठवड्यात गंजते.
एप्रिलमध्ये अंक सहज हातात आला:
गंजाचे ठिपके जुन्या जागी,
आणि शेजारी नव्या पिना,
चकचकीत, जरा तिरप्या.
वाचून झाल्यावर तिनं पुन्हा मारल्या होत्या.
मला बरं वाटावं म्हणून.

मी काही बोललो नाही. तीही नाही.
फक्त जेवताना, आमटीची वाटी पुढे करत:
"बाबा, नांगर उचलला म्हणजे
शेतातला की बोटीचा?"
तिनं शेतातलाही कधी पाहिलेला नाही.
"बोटीचा," म्हणालो.
"वाटलंच मला."
आणि अजून थोडी आमटी मागितली.

प्लांटमध्ये शेवटच्या टप्प्याला
आम्ही पाण्यात चुन्याचा अंश परत सोडतो.
इतकं निर्मळ पाणी पाइप खातं,
जिभेला पोकळ लागतं.
पंधरा वर्षं ह्या रजिस्टरवर सही करतोय मी.

पुढच्या शुक्रवारी तिलाच बरोबर घेतलं.
"कितना साल?" कुंजुमोन.
"अकरा," मी.
"साडेअकरा," ती, आणि सुतळी दातानंच सोडली.
फ्रीजला टेकून वाचत राहिली.
मी तांदळाच्या पोत्यावर बसलो, चहा प्यायलो,
दुसरा प्यायलो, नमाजाला दुकान बंद व्हायची वेळ आली.

तीन निवडले तिनं.
एकाच्या मुखपृष्ठावर मोडकी होडी.
एक कोड्यांचा, मुदत उलटलेला.
आणि एक तो, तात्पर्यवाल्या सशाचा.
"हा कशाला?"
"असू दे," म्हणाली, "तो तुमच्यासाठी."